हे कुणाच्या घरचं खाणं?

भूल उतरल्यावर आईने आधी पाणी मागितलं आणि मग जरा वेळाने, डोळे मिटलेलेच ठेवून, "पोटात काहीतरी पाहिजे की गं," असं म्हणाली. सोलापूरहून ती माझ्याकडे बॉस्टनजवळ उन्हाळा काढायला आली होती. पोटदुखीचं निमित्त झालं आणि पित्ताशय काढावं लागलं. नर्सने पलंगाची पाठ थोडी वर केली, जिंजर एल, म्हणजे आल्याच्या चवीचं सोडापेय, ओतलेला कागदी पेला ठेवला आणि त्याच्या शेजारी सेलोफेनचं एक चिमुकलं पाकीट. आत दोन चौकोनी सॉल्टीन क्रॅकर, म्हणजे पातळ, कुरकुरीत खारी बिस्किटं. "अगदी सावकाश, छोटे छोटे घास," असं खुणेने सांगून ती दुसऱ्या पेशंटकडे गेली. आईने पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. सुई लावलेला हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने एक तुकडा मोडला, तोंडात धरून ठेवला, चावला नाही. चादरीवर चुरा पडला होता तो बोट ओलं करून टिपून घेतला. एक क्रॅकर कसाबसा संपला, दुसरा तिने पाकिटासकट माझ्या हातात दिला, आणि विचारलं, "हे कुणाच्या घरचं खाणं असतं गं?" मी म्हटलं, इथे आजारी माणसाला देतात. "ते कळलं. पण घरचं कुणाच्या?" एवढं बोलून तिला पुन्हा झोप लागली. मी मात्र ते पाकीट हातात धरून बसले.

गेली कित्येक वर्षं मी या देशात राहते. सूपबरोबर, चीजबरोबर, मुलांच्या डब्यात, विमानात, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, क्रॅकर कुठे खाल्ला नाही असं नाही. पण तो कुणाच्या घरचा आहे हे विचारावंसं मला कधी वाटलं नव्हतं. रात्री आई झोपल्यावर तो उरलेला क्रॅकर मी ताटलीत काढून दिव्याखाली नीट पाहिला. दोन इंचांचा चौकोन. वर मिठाचे जाड, बोटाला टोचणारे कण. पाच ओळींत भोकं, तीन-दोन-तीन-दोन-तीन अशी, एकूण तेरा. भोकांच्या मधला भाग जरासा उचललेला आणि तेवढाच बदामी, बाकी सगळा पांढरट. मोडला की आत पापुद्रे दिसतात, कारण पीठ लाटून, घडी घालून पुन्हा लाटलेलं असतं. सॉल्टीन म्हणजे सोडा क्रॅकर. त्याचं पीठ यीस्ट घालून रात्रभर आणि वर आणखी काही तास आंबवतात. त्याला आंबटपणा चढला की सोडा घालून तो मारतात. म्हणून सॉल्टीनला पावाचा तो अगदी हलका वास असतो, जो पाकीट फोडल्यावर क्षणभरच येतो आणि जातो. मग चादरीएवढं पातळ पीठ कडक तापलेल्या भट्टीतून काही मिनिटांत बाहेर. आणि ती भोकं असतात ती फुगू नये म्हणून. वाफेला जिथल्या तिथे वाट मिळाली पाहिजे, पोटात हवा धरून चौकोन टम्म झाला तर तो बाद.

इथे मी अडखळले. आमच्याकडे न फुगलेली भाकरी बाद असते.

सोलापुरात मात्र भाकरीचा आणखी एक प्रकार आहे, आणि आईच्या प्रत्येक खेपेला तिच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध तो असतोच: कडक भाकरी. ज्वारीची किंवा बाजरीची, हातावर थापत थापत इतकी पातळ केलेली की उजेडात धरली तर बोटांची सावली दिसावी. तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायची आणि मग आरावर, मंद धगीला उभी करून ठेवायची, आतला पाण्याचा अंश पुरता उडून जाईपर्यंत. माझी आजी चुलीच्या तोंडाशी भाकऱ्या अर्धगोलात उभ्या करायची आणि बसल्या जागेवरून एकेक वळवायची. झालेली भाकरी नखाने वाजवून पाहायची. आवाज कोरडा आला तर टोपल्यात, दमट आला तर पुन्हा धगीला. आता बचत गटांच्या बायका त्या करून पाकिटातून विकतात, आषाढीला पंढरपूरला जाणारे घेऊन जातात, पुण्या-मुंबईचे नातेवाईक डझनाने मागवतात. महिना महिना तिला काही होत नाही. खायची कशी तर शेंगाचटणी आणि दही घेऊन कुटुकुटू, किंवा खोलगट ताटात चुरायची, वरून गरम आमटी ओतायची, थोडं थांबायचं आणि मग हाताने कालवून खायची. थांबण्याचा तो वेळ प्रत्येक घरात वेगळा. माझ्या वडिलांना पार मऊ झालेली लागायची, आईला अर्धीमुर्धी, मधेच दाताखाली येणारी. या भाकरीला घर आहे. ज्वारीचं शेत आहे, कोरडी हवा आहे, थापणारा हात आहे. आई क्रॅकरला तेच विचारत होती.

त्याचं घर शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. मॅटापॅनकडे जाणारी जुनी ट्रॉली, म्हणजे ट्राम, नेपॉनसेट नदीच्या कडेकडेने मिल्टन गावातून जाते. खिडकीतून जुन्या चॉकलेट कारखान्याच्या लाल विटांच्या इमारती दिसतात, खाली नदीचं पाणी बंधाऱ्यावरून पडत असतं. याच मिल्टनमध्ये १८०१ साली जोसाया बेंट नावाच्या माणसाने विटांच्या भट्टीत पीठ आणि पाण्याची पातळ, कडक बिस्किटं भाजायला सुरुवात केली. त्याच्याही आधी, १७९२ साली, उत्तरेला मेरिमॅक नदीच्या मुखावरच्या न्यूबरीपोर्टमध्ये जॉन पिअरसन खलाशांसाठी 'पायलट ब्रेड' भाजत होता. दोन्ही गावं पाण्याच्या काठची, आणि दोघांचंही गिऱ्हाईक जहाजावर चढणारं. कारण साधा पाव जहाजावर आठवडाभरात बुरशी धरतो, आणि इथून निघालेल्या जहाजांना महिनोन्‌महिने किनारा दिसत नसे. पावातलं पाणी काढून टाकणं हा त्यावरचा उपाय होता, आणि तो पिअरसनच्या खूप आधीचा. इंग्लंडच्या आरमारात सॅम्युअल पीप्सने १६७७ साली खलाशाचा शिधा लेखी ठरवून दिला, त्यात माणशी रोज एक पौंड बिस्किट होतं. पाऊण दिवस कष्ट उपसणाऱ्या माणसाला जवळजवळ साडेचारशे ग्रॅम सुकं पीठ. ते भाजून, पुन्हा वाळवून, दगडासारखं झालेलं असायचं. पोत्यात आणि पेटाऱ्यात टोके शिरायचे, म्हणून तुकडा खाण्याआधी मेजावर आपटायची खलाशांना सवय लागली. किनाऱ्यावर बायका-मुलं ताजा पाव खात होती. हे त्यांचं खाणं नव्हतंच. घर सोडून निघालेल्या माणसाबरोबर द्यायचं, आणि तो परत येईपर्यंत टिकायचं, एवढंच त्याच्याकडून मागणं होतं.

मिल्टनमध्ये एक गोष्ट सांगतात. बेंटच्या भट्टीत एकदा घाणा जास्त भाजला गेला, करपताना तडतड आवाज यायला लागला, त्या 'क्रॅक'वरून 'क्रॅकर' नाव पडलं. गोष्ट ऐकायला छान आहे आणि त्या ट्रॉलीत बसून आठवायलाही. पण शब्द बेंटहून जुना आहे. मोडताना आवाज करणारा, तडकणारा, या अर्थाने तो पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत कडक पापडीवजा पदार्थाला लावलेला सापडतो, आणि पातळ कुरकुरीत बिस्किटाला अमेरिकेत १७३९ पासून. म्हणजे बेंटच्या भट्टीच्या साठेक वर्षं आधी लोक हा शब्द तोंडात घोळवत होते. भट्टीवरच्या करपलेल्या घाण्यापेक्षा मला हेच जास्त आवडलं: कुणा एकाने ठेवलेलं नाव नाही, खाणाऱ्या असंख्य दातांनी आणि ऐकणाऱ्या कानांनी ठेवलेलं नाव आहे. आईला नर्सचं "क्रॅकर्स" ऐकू आलं होतं तेव्हा गुंगीत तिच्या डोळ्यापुढे दिवाळीचे फटाके आले, असं तिने मागाहून सांगितलं. तेही बरोबरच, दोन्ही एकाच आवाजाची लेकरं. आमच्याकडे नवरात्रात देवीवर फुलोरा बांधतात त्यातल्या कडाकण्यांना तरी नाव कशावरून पडलं? आजी दोऱ्यात ओवायला घ्यायची तेव्हा चुकून एखादी मोडायची आणि तो आवाज ऐकून आम्ही मुलं स्वयंपाकघरात धावायचो, कारण मोडलेली कडाकणी देवीला चालत नाही, ती आमचीच.

जहाजावरून हे खाणं लढाईत गेलं. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, उत्तरेच्या फौजेचा सगळा डोलारा याच बिस्किटावर उभा होता. सैनिक त्याला हार्डटॅक म्हणत आणि नुसतं क्रॅकरही. बेंटच्या घराण्यानेही फौजेला ते पुरवलं. मॅसॅच्युसेट्सच्या तोफखान्यात असलेल्या जॉन बिलिंग्जने १८८७ साली आपल्या आठवणी छापल्या. त्यात त्याने एक हार्डटॅक मोजून दाखवला आहे: साधारण तीन इंच लांबी-रुंदी, जवळजवळ अर्धा इंच जाडी. दिवसाला नऊ किंवा दहा मिळत. काही इतके कडक असत की चावत नसत, मुठीचा जोरदार ठोसा मारून फोडावे लागत. गरम कॉफीच्या टमरेलात टाकले की आतल्या अळ्या वर तरंगत, त्या चमच्याने काढून टाकायच्या आणि कॉफी प्यायची. कुणी रात्री गार पाण्यात भिजवून सकाळी डुकराच्या चरबीत परतत, त्याला त्यांनी 'स्किलिगली' असं एक गमतीचं नाव दिलं होतं. खोक्यांवर 'बी. सी.' अशी अक्षरं छापलेली असत, ब्रिगेड कमिसरीची, म्हणजे फौजेच्या शिधाखात्याची. सैनिक म्हणायचे, ही ख्रिस्तपूर्व काळातली तारीख आहे, तेव्हाच भाजलेत हे. त्या वेळच्या एका लोकप्रिय गाण्याच्या चालीवर त्यांनी हार्डटॅकचं विडंबनही रचलं, पुन्हा आमच्या वाट्याला येऊ नकोस म्हणून विनवणारं. हे वाचताना माझ्या डोळ्यापुढे विनोद येत नाही. अठरा-एकोणीस वर्षांची शेतकऱ्यांची पोरं दिसतात, व्हरमाँट आणि मेनमधली, ज्यांच्या घरी आठवड्याला पाव भाजला जायचा, आणि जी चिखलात बसून अर्धा इंच जाडीचा चौकोन फोडण्यासाठी दगड शोधत होती. त्यातल्या पुष्कळांनी शेवटचं खाल्लं ते हेच असणार.

मग माणसांनी याला माणसाळवलं कसं? याचं उत्तर मला ग्लॉस्टरच्या बंदरावर, चाउडरच्या वाटीत मिळालं असं म्हणायला हरकत नाही, कारण पुस्तकात वाचूनही ते डोक्यात शिरलं नव्हतं. चाउडर म्हणजे इथलं दाट सूप, शिंपल्यांचं किंवा माशाचं, दूध आणि बटाटे घातलेलं. सोबत छोट्या गोल ऑयस्टर क्रॅकरची पुडी मिळते. बहुतेक लोक ती वरून टाकतात, काही नुसते तोंडात टाकतात, आणि कुणी विचारत नाही की ती का देतात. १७५१ साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात चाउडरची कृती पद्यात छापली होती. त्यात दूध नाही, बटाटा नाही. तळाला कांदे, म्हणजे मांस करपणार नाही, मग डुकराच्या मांसाचे काप, मग मासे, मसाला, आणि मग भिजवलेलं बिस्किट, असे थरावर थर. सुपाला दाटपणा येतो तो त्या बिस्किटानेच. जहाजावर जे होतं त्यातून झालेला तो स्वयंपाक होता: खारवलेलं मांस, समुद्रातला ताजा मासा, आणि शिध्यातलं बिस्किट. किनाऱ्यावर आल्यावरही घराघरांतून तो तसाच होत राहिला. नंतर बटाट्याने बिस्किटाची जागा घेतली आणि बिस्किट पुडीत बाहेर उभं राहिलं. ग्लॉस्टरला माझ्या शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, हाताची कातडी दोरखंडावर घासून जाड झालेली. त्यांनी पुडी फोडली नाही. पुडी बंद असतानाच ती मुठीत दाबून आतल्या क्रॅकरचा चुरा केला, मग कोपरा फाडून सगळा चुरा वाटीत ओतला, चमचा उभा केला आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसले. मला माझे वडील आठवले. ताटावर हात ठेवून आमटी भाकरीत मुरायची वाट पाहणारे.

पुडी ही तशी अलीकडची गोष्ट. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी क्रॅकर पिंपात यायचे. गावच्या दुकानात शेगडीशेजारी पिंप, झाकण सैल, हात घालून मूठभर काढायचे, कागदात बांधून न्यायचे. हिवाळ्यात शेतावर काम नसलेली माणसं त्याच्या भोवती बसून गप्पा मारत. तळातले क्रॅकर मोडलेले असत आणि पावसाळी हवेत सादळलेले. सादळणं काय असतं हे मुंबईत जुलैमध्ये खारीचा पुडा उघडा ठेवलेल्या कुणालाही सांगायला नको. हवेतलं थोडं पाणी आत गेलं की आवाज जातो, आणि आवाज गेला की चवही गेल्यासारखी वाटते. १८९८ साली अनेक बेकऱ्या एकत्र होऊन नॅशनल बिस्किट कंपनी झाली आणि तिने मेणकागदाचं अस्तर घातलेल्या खोक्यात 'युनीडा' बिस्किटं विकायला काढली. जाहिरातीत रेनकोट घातलेला एक मुलगा, भर पावसात खोकं घेऊन निघालेला. तेव्हापासून क्रॅकर कुठेही, कुठल्याही हवेत कुरकुरीत पोचायला लागला. मला त्या मेणकागदाचं कौतुक वाटतं. पिंपात सतरा जणांचे हात जायचे त्यापेक्षा ते बरंच. तरी पिंपाभोवतीची ती माणसं कुठे गेली, असंही वाटत राहतं. आज मी क्रॅकर घेते तेव्हा दुकानदाराशी एक शब्दही बोलत नाही.

आईचा प्रश्न या सगळ्याने सुटला का? अर्धा सुटला.

उरलेला अर्धा माझ्याच पोटात होता. माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळची गोष्ट. नुकतंच लग्न होऊन इकडे आले होते, सॉमरव्हिलमध्ये तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीबाहेर बर्फ. दिवस गेले आणि उलट्या सुरू झाल्या. सकाळी डोळा उघडला की खोली फिरायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला माझ्या स्वयंपाकघराचाच वास सोसेना. मोहरी तडतडली की पोट ढवळायचं. हिंगाची डबी दोन पिशव्यांत बांधून गच्चीवर ठेवली. आईने प्रेमाने पाठवलेला काळा मसाला, ज्याच्या वासासाठी मी एरवी डबा उघडून नाक घालून उभी राहायचे, तो शेजारणीला देऊन टाकला. तिला सांगितलं की जास्तीचा आहे. फोनवर आई रोज विचारायची, काय खाल्लंस, आणि मी रोज वरण-भात सांगायचे. खरं म्हणजे मी सॉल्टीनवर जगत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उशाशी पुडा ठेव, पलंगावरून उठायच्या आधी दोन खा, मग दहा मिनिटं पडून राहा. सुका, तेल जवळजवळ नसलेला, वास नसलेला पदार्थ पोटातला आम्लाचा उमाळा थोडा बसवतो, रिकाम्या पोटाला धरायला काहीतरी देतो. तो करकर आवाज अंधारात फार मोठा वाटायचा. नवरा जागा होऊ नये म्हणून मी तुकडा जिभेवर ठेवून विरघळू द्यायचे, तसंच, जसं आईने परवा दवाखान्यात केलं. मला त्या क्रॅकरबद्दल कृतज्ञता वाटायची आणि त्याच वेळी रडू यायचं. घरचं सगळं अंगावर येत होतं, आणि ज्याला कसलीच चव नाही, कुणाच्या हाताची खूण नाही, तेच मला सांभाळत होतं. मुलगी झाल्यावर वास परत आवडायला लागले, मसाला परत आला, हिंग खाली आला, आणि तो सगळा काळ मी कुठेतरी ठेवून दिला. आईला तर यातलं काही सांगितलंच नव्हतं.

आता सांगितलं. शस्त्रक्रियेनंतर चार-आठ दिवस ती अंगणात खुर्ची टाकून बसायची, तेव्हा एका दुपारी खलाशांचं सांगितलं, सैनिकांचं सांगितलं, ग्लॉस्टरच्या आजोबांचं सांगितलं, आणि मग माझं. काळ्या मसाल्यापाशी मी थांबले. मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, "तुझ्या वेळेला मला पण सोसायचा नाही. सासूबाई फोडणी टाकायच्या आणि मी परसात पळायची. साळीच्या लाह्यांवर होते बघ मी. नुसत्या. मीठ नाही, तिखट नाही." मग थोडा वेळ गप्प राहून, "तू फोनवर वरण-भात सांगायचीस तेव्हा मला खरं वाटायचं नाही. पण एवढ्या लांबून मी काय करणार होते, म्हणून हो म्हणायची." लाह्यांना चव नसते, वास नसतो, पोटात गेल्या की फुलाचंही ओझं होत नाही. मी विचारलं, मग लाह्या कुणाच्या घरचं खाणं? "ज्याला काही जात नाही त्याचं," असं म्हणून ती उठली. तिला डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं.

तेलकट-तुपकट तिला महिनाभर वर्ज्य होतं. शेंगाचटणी बंद म्हणजे निम्मं आयुष्य बंद, असं तिचं म्हणणं. बॅगेतली कडक भाकरीही एव्हाना संपत आली होती, तळाशी नुसते तुकडे. म्हणून एका संध्याकाळी तिनेच सुचवलं की आमटीत ते तुझे बिस्किट चुरून बघू. फोडणी नावाला, तुरीची पातळ आमटी, चिंच-गूळ. सॉल्टीन चुरले, वर आमटी ओतली, आणि ती ताटावर हात ठेवून थांबते न थांबते तोच सगळ्याचा लगदा झाला. "हे पळपुटं आहे," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. सॉल्टीन पातळ, आंबवलेला, पापुद्र्यांचा. पाणी लागताच तो सोडून देतो. जहाजावरचं बिस्किट तसं नव्हतं, त्याला कॉफीत तास घालवावा लागायचा.

तेव्हा मी व्हरमाँटचे कॉमन क्रॅकर मागवले. गोल, गुबगुबीत, मीठ जवळजवळ नाही, मधोमध बोट घातलं की दोन चकत्या सुटतात. तिकडे रात्रीच्या जेवणाला हे दुधात चुरून खायची जुनी रीत आहे. खोकं आलं तसं आईने एक काढला, नखाने वाजवला, कानाजवळ नेऊन पुन्हा वाजवला. आजीसारखाच. मग चार क्रॅकर ताटात घेऊन तळहाताने मोडले, अगदी बारीक केले नाहीत, सुपारीएवढे खडे राहू दिले. वर आमटी. माझी मुलगी पण येऊन बसली, तिला आजीचं ताट बघायचं होतं. आईने घड्याळाकडे पाहिलं नाही, आमटीच्या कडेला येणाऱ्या बुडबुड्यांकडे पाहत राहिली. तुकडे आमटी पीत होते. बुडबुडे संपले तशी तिने एक खडा दोन बोटांत धरून दाबला.

"हं. धरून राहतंय हे," ती म्हणाली. "हिला पण वाढ. आणि उद्याच्या आमटीत लसूण जास्त घाल, नुसत्या चिंचेला हे दाद देत नाही."